सगळं जुळतंय, पण खरं कुठलं?

रिसर्च मेथडॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक घेऊ, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पुस्तकांबद्दल पुन्हा कधीतरी. आज एक गेम खेळायला सांगणार आहे, आणि तो कुठे फसतो तेही सांगणार आहे. कारण माझ्या मते तो जिथे फसतो, तो भाग तुमच्या जास्त कामाचा आहे.

गेमचं नाव 'शेरलॉक होम्स: क्राइम्स अँड पनिशमेंट्स'. युक्रेनमधल्या फ्रॉगवेअर्स या कंपनीने तो २०१४ मध्ये काढला. जुना आहे, त्यामुळे सेलमध्ये स्वस्तात मिळून जातो. एकूण सहा केसेस आहेत, त्यांतल्या काही कॉनन डॉयलच्या कथांवर बेतलेल्या. पुढे पहिल्या आणि चौथ्या केसच्या मूळ कथांचा शेवट फुटणार आहे. कथा १९०४ च्या आहेत, तरी ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी इथेच थांबा आणि खेळून या.

तुम्ही होम्स असता. घटनास्थळी फिरायचं, वस्तू उलटसुलट करून बघायच्या, साक्षीदारांचे कपडे आणि हात न्याहाळायचे, बेकर स्ट्रीटवर येऊन टेबलावर रसायनं मिसळायची. इथपर्यंत बाकी डिटेक्टिव्ह गेम्ससारखंच. खरा गेम डिडक्शन स्क्रीनवर सुरू होतो. सापडलेले धागे तिथे यादीत येतात. दोन धागे जोडले की एक अनुमान तयार होतं आणि मेंदूतल्या पेशीसारखा एक ठिपका उजळतो. गंमत अशी की बऱ्याच अनुमानांना दोन वाचनं असतात, आणि कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवता. तुमच्या निवडी एकमेकींना छेद देत असतील तर जोडणी लाल होते. छेद देत नसतील तर सगळं जाळं एका निष्कर्षाकडे जातं: खुनी अमुक. एक वाचन बदललं की जाळं पुन्हा जुळतं, आणि खुनी तमुक. एका केसमध्ये असे तीन-चार निष्कर्ष निघतात, आणि जाळं म्हणून त्यांतला प्रत्येक तितकाच सुबक दिसतो.

बहुतेक डिटेक्टिव्ह गेम्स चुकीचं उत्तर चालवून घेत नाहीत. चुकीचा संशयित निवडला की नायक स्वतःशीच पुटपुटतो, नाही, काहीतरी राहतंय, आणि तुम्हाला मागे पाठवतो. ही एमसीक्यूची मानसिकता. क्राइम्स अँड पनिशमेंट्स मागे पाठवत नाही. तुम्ही निरपराध माणसाकडे बोट दाखवलंत तर त्याला पकडतात आणि गोष्ट पुढे सरकते. मला या गेममधलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

नेटच्या पेपर १ साठी निगमन आणि विगमन घोकलेल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्या. होम्स ज्याला डिडक्शन म्हणतो ते तर्कशास्त्रातलं निगमन नव्हे. निगमनात आधारविधानं खरी असली की निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. होम्स करतो ते वेगळं: समोर असलेल्या खुणांचं सगळ्यात पटेल असं स्पष्टीकरण निवडतो. चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने याला अ‍ॅब्डक्शन म्हटलं. प्रयोगशाळेत आपण बहुतेक वेळा हेच करतो आणि थीसिसमध्ये मात्र निगमनाच्या भाषेत लिहितो.

मूळ 'ब्लॅक पीटर' कथेतलं उदाहरण घ्या, गेमची पहिली केस तिच्यावर आहे. पीटर कॅरी हा देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा निवृत्त कप्तान, त्याच्या खोलीत हार्पूनने भिंतीला खिळलेला सापडतो. टेबलावर तंबाखूची पिशवी, आत अक्षरं पी. सी. पीटर कॅरी, म्हणजे पिशवी त्याचीच, विषय संपला? पण खोलीत पाईप नाही, आणि कॅरी फारशी तंबाखू ओढत नव्हता. पी. सी. म्हणजे पॅट्रिक केअर्न्सही होतं. आता पिशवी पाहुण्याची झाली, आणि पाहुणा खलाशी झाला. वस्तू तीच, अक्षरं तीच. फरक पडला तो तिच्यासोबत दुसरी कुठली गोष्ट ठेवून वाचली यामुळे. गेमचा डिडक्शन स्क्रीन अशाच दुहेरी वाचनांवर उभा आहे.

तुम्ही म्हणाल, हे गोष्टीत ठीक आहे, आमच्याकडे आकडे असतात. तर २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगते, राफाएल झिल्बरझान आणि बऱ्याच सहलेखकांचा. २९ टीम्स, ६१ विश्लेषक. सगळ्यांना एकच डेटासेट दिला आणि एकच प्रश्न: फुटबॉलमध्ये गडद कातडीच्या खेळाडूंना रेफरी जास्त लाल कार्डं दाखवतात का? २० टीम्सना सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम दिसला, ९ टीम्सना दिसला नाही. ऑड्स रेशो ०.८९ पासून २.९३ पर्यंत पसरलेले. म्हणजे एका टोकाला परिणाम जवळपास नाहीच, उलट किंचित विरुद्ध दिशेला, आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ तिप्पट. कुठले घटक विश्लेषणात धरायचे याच्या २९ टीम्सनी मिळून २१ वेगवेगळ्या जोडण्या वापरल्या होत्या.

आता यातला भाग जो लोक सांगताना गाळतात. विश्लेषकांचं आधीचं मत काय होतं, किंवा ते किती अनुभवी होते, यावरून हा फरक नीट उलगडला नाही. म्हणजे कुणी लबाडी करत होतं किंवा कुणी नवखं होतं म्हणून आकडे पसरले, असं म्हणता येत नाही. वाटेत फाटे होते, आणि प्रत्येक टीमने प्रत्येक फाट्यावर एक समजूतदार निवड केली. अँड्र्यू गेल्मन आणि एरिक लोकेन यांनी याला फाटे फुटणाऱ्या वाटांची बाग म्हटलंय, बोर्हेसच्या कथेवरून. तुमच्या थीसिसमध्ये यातली एक वाट छापली जाते. बाकीच्या वाटा तुम्हाला स्वतःलाही आठवत नाहीत, कारण त्या वेळी ती निवड आहे असं वाटलेलंच नसतं. कुठलं रीडिंग आउटलायर धरायचं, बेसलाइन कुठून घ्यायची, लॉग घ्यायचा की नाही. गेम या निवडींना ठिपक्याचं रूप देतो आणि म्हणतो, दोनपैकी एक निवड. परत येऊन बदलायची सोयही देतो. मेथडॉलॉजीची पुस्तकं हे चार प्रकरणांत समजावतात, इथे ते बोटाखाली येतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पुराव्यांबद्दल. एखाद्या ठिकाणचं सगळं सापडलं की गेम तशी खूण करून कळवतो. म्हणजे धागे किती आहेत हे ठरलेलं, आणि ते संपले हेही तुम्हाला ठाऊक. एकही धागा खोटा नाही. रसायनांचा प्रयोग कधी फसत नाही, अभिकर्मक जुना झालेला नसतो, वीज जात नाही. सीआयडी बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे ओळखीचं वाटेल: डॉ. साळुंखेंच्या लॅबमधून रिपोर्ट येतो तो तासाभरात आणि शंभर टक्के खात्रीचा. कळस म्हणजे मिनीगेम अवघड वाटली तर ती स्किप करता येते आणि प्रयोगाचा निकाल तसाच हातात पडतो. ही सोय विद्यापीठात मिळाली तर रांग लागेल.

हसण्यावारी नेऊ नका, यात खरी अडचण आहे. गेम शिकवतो की अनिश्चितता फक्त अर्थ लावण्यात असते, मोजण्यात नसते. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं तुम्ही मोजण्यातल्या अनिश्चिततेशीच झगडता. आणि मग हळूहळू एक सवय लागते: अर्थ लावणं जड जायला लागलं की दोष मोजण्यावर टाकायचा. नको असलेलं रीडिंग आलं की इन्स्ट्रुमेंट बिघडलं होतं, हवं असलेलं आलं की त्याच इन्स्ट्रुमेंटला कुणी हात लावत नाही. ही दोन टोकं एकाच पडद्यावर दाखवणारा गेम मला हवा होता. तो हा नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. केस संपल्यावर एक बटण येतं. दाबलं की तुमचा निष्कर्ष बरोबर होता का ते कळतं, आणि चुकला असेल तर मागे जाऊन दुसरा निवडता येतो. म्हणजे चूक चालवून घेण्याचा जो धीर गेमने दाखवला, तो इथे अर्धा परत घेतला. बटण ऐच्छिक आहे, मान्य. पण ते आहे म्हटल्यावर शेवटच्या निवडीचं ओझं जातं. संशोधनात असं बटण नाही. रिव्ह्यूअर म्हणजे ते बटण नव्हे, त्यालाही उत्तर माहीत नसतं. व्हायव्हातल्या बाहेरच्या परीक्षकालाही नसतं. तुम्ही लिहिता, दहा वर्षांनी कुणीतरी तोच प्रयोग करून बघतं, किंवा कुणीच करत नाही.

आता नैतिक निवड. गुन्हेगार ठरवल्यावर गेम दुसरा प्रश्न विचारतो: याला कायद्याच्या हवाली करायचं की सौम्यपणे वागवायचं? ब्लॅक पीटर हा बायको-मुलीला मारझोड करणारा माणूस होता, मूळ कथेत त्याची मुलगी तो मेला याचा आनंद झाला असं उघड सांगते. अशा माणसाच्या खुन्याचं काय करायचं, हा प्रश्न चांगला आहे. फक्त गेम त्याची किंमत वसूल करत नाही. केस संपली की परिणामही जवळजवळ संपतात, आणि तुम्ही पुढच्या केसच्या आगगाडीत.

पण मला जास्त खटकतं ते या दोन प्रश्नांच्या क्रमाबद्दल. गेमच्या मते आधी सत्य ठरतं, मग त्याचं काय करायचं ते ठरतं. दोन वेगळे पडदे, मध्ये भिंत. खेळताना स्वतःकडे नीट लक्ष दिलंत तर भिंत गळताना दिसेल. कथेतला तरुण संशयित नेलिगन हा किरकोळ अंगाचा मुलगा, बुडालेल्या बँकवाल्याचा, वडिलांचं नाव धुऊन काढायला आलेला. त्याला फाशी व्हावी असं कुणालाच वाटत नाही. मग 'हार्पून इतक्या जोरात मारायला सराईत हात लागतो' हे वाचन तुम्ही पटकन उचलता. या कथेत ते वाचन बरोबर आहे, होम्स खाटकाकडे जाऊन मेलेल्या डुकरावर हार्पून मारून बघतो आणि एका घावात आरपार नेणं जमत नाही याची खात्री करतो. म्हणजे तुमच्या सहानुभूतीला बक्षीस मिळालं. तुम्ही उचललेलं वाचन पुराव्यामुळे होतं की दयेमुळे, हे तपासायची वेळच आली नाही.

लॅबमध्ये हीच दया वेगळ्या रूपात येते. फेलोशिपचं चौथं वर्ष चालू आहे, बरोबरच्या मैत्रिणीचं शेवटचं प्रकरण तुमच्या एका मोजणीवर उभं आहे, आणि तुमचं नवं रीडिंग ते पाडतंय. त्या क्षणी तुम्ही खोटं लिहिणार नाही. तुम्ही फक्त जरा जास्त काळजीपूर्वक कॅलिब्रेशन तपासाल. रीडिंग तिच्या बाजूचं आलं असतं तर तितकं तपासलं असतं का? गेममध्ये हा प्रश्न यायला हवा होता डिडक्शन स्क्रीनवर, दोन वाचनांपैकी एक निवडताना. तो येतो नंतर, वेगळ्या पडद्यावर, जेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

चौथी केस, 'अ‍ॅबी ग्रेंज', या बाबतीत मूळ कथेतच जास्त खोल आहे. सर युस्टेसचा खून झालाय, बायको खुर्चीला बांधलेली, ती सांगते की तीन दरोडेखोर आले होते आणि त्यांनी वाईन प्यायली. तीन पेले आहेत, पण वाईनचा गाळ एकाच पेल्यात. बाटली शेवटच्या पेल्यापर्यंत हलली असेल म्हणून? की दोघांनीच प्यायली आणि तळ तिसऱ्या पेल्यात ओतला? होम्सला हे टोचतं, तरी तो परत निघतो. बाई घरंदाज, जखमी, मोलकरणीची साक्ष तिच्या बाजूने, पोलिसांचं मत ठरलेलं. मग गाडीत बसल्यावर त्याला राहवत नाही आणि तो वॉटसनला मधल्याच एका स्टेशनवर ओढून उतरवतो. त्याचं म्हणणं साधारण असं की कुणाची तयार गोष्ट ऐकलेलीच नसती आणि कोऱ्या मनाने खोली बघितली असती, तर याहून जास्त काही हाती लागलं नसतं का? गाईडने पहिल्या दिवशी सांगितलेलं अपेक्षित उत्तर डोक्यात घेऊन ग्राफ बघणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी.

शेवटी खुनी निघतो कॅप्टन क्रोकर, बाईवर प्रेम करणारा खलाशी, आणि खून झाला तो मारझोड करणाऱ्या दारुड्या नवऱ्याशी समोरासमोरच्या झटापटीत. होम्स वॉटसनला ज्यूरी बनवतो आणि क्रोकरला सोडतो. लक्षात घ्या, सोडायचं ठरवण्याआधी त्याने तपास कुठेही सैल केलेला नाही. क्रोकर पळून जाईल का, हेदेखील त्याला पळायची संधी देऊन तपासलं. मग पोलिसांपासून त्याने ते लपवलं, ते योग्य की अयोग्य यावर वाद घाला. आपल्याला ती सवलत नाही, आपण निष्कर्ष लपवू शकत नाही. पण क्रोकरबद्दल वाटणारी माया त्याने पेल्यांच्या वाचनात शिरू दिली नाही, हे मला त्या सोडण्यापेक्षा मोठं वाटतं. गेममध्ये हा प्रवास चार-पाच क्लिकमध्ये उरकतो.

तुलनेसाठी दुसरा एक गेम बघा, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', लुकास पोपचा, २०१८ चा. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं एक रिकामं जहाज बंदराला लागतं, आणि विम्याच्या तपासासाठी तुम्ही चढता. ६० माणसं, त्यांत भारतीय खलाशीही. प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते वहीत भरायचं. झोळीवरचा नंबर, पायातले बूट, बोलण्याची ढब, एवढ्यावर. इथे उत्तर तपासायची पद्धत फार हुशार आहे: तीन जणांचं सगळं बरोबर भरलं तरच गेम ते तीन पक्के करतो. प्रत्येकासाठी दोन पर्याय उरलेत आणि तुम्ही नाणं उडवताय असं धरा. एक उत्तर बरोबर यायची शक्यता १/२, तिन्ही यायची १/८. अंदाजपंचे खेळणाऱ्याला गेम न बोलता महाग पडतो.

तरीही लोकांनी पळवाट शोधलीच. दोन पक्की उत्तरं राखून ठेवायची आणि तिसऱ्या जागी एकेक नाव फिरवत बसायचं, कधीतरी टिक पडतेच. मशीन लर्निंगवाल्यांना हे लगेच कळेल: टेस्ट सेटवर पुन्हा पुन्हा स्कोअर बघून मॉडेल बदलत राहण्याचा हाच प्रकार. पद्धत हुशार असली तरी फीडबॅक मोफत असेल तर आपण तो पिळून काढतो. नैतिक बाजूही ओब्रा डिनमध्ये कमी आवाजात पण जास्त टोचणारी आहे. तुमच्या वहीवरून कुटुंबांना भरपाई मिळते किंवा मृताच्या नावावर दंड लागतो. चेहऱ्यावरून आणि पोशाखावरून तुम्ही कुणाला काय ठरवलंत, हे शेवटी रुपये-आण्यांसारखं समोर येतं. खेळ म्हणून मला ओब्रा डिन सरस वाटतो. पण निवडीचे फाटे उघड दाखवण्यात क्राइम्स अँड पनिशमेंट्स पुढे आहे, म्हणून सुरुवात त्याने करा.

कशी करायची तेही सांगते. पहिली केस खेळा, शेजारी साधी वही ठेवा. दुहेरी वाचन आलं की दोन्ही लिहा, कुठलं घेतलं ते लिहा, आणि कशामुळे घेतलं ते एका ओळीत. 'तसं वाटलं' हेही चालेल, लिहा मात्र. मग मुद्दाम दुसऱ्या संशयिताकडे जाणारं जाळं पूर्ण जुळवून बघा, आणि तिसऱ्याकडेही. तीन जाळी एकमेकांपासून नेमक्या कुठल्या ठिपक्यावर वेगळी होतात त्याखाली रेघ मारा. आपल्या डेटावर हेच करायचं झालं तर पुढचा प्रयोग त्या रेघेपासून निघतो. शेवटचं बटण आठवडाभर दाबू नका, लॅबमधल्या कुणाला तरी वही वाचायला द्या. आणि प्रयोगांच्या मिनीगेम्स स्किप करू नका. डुकरावर हार्पून फेकण्यात मजा आहे.